मदत हवी आहे : प्रवाळभित्तीच्या छायाचित्रणासाठी वाइड अँगल लेन्स घ्यावी की दुसरा स्ट्रोब (पाण्याखालचा फ्लॅश)?

इंडोनेशियातील उत्तर सुलावेसी येथे, लेंबे सामुद्रधुनी आणि बुनाकेन अशा दोन ठिकाणी स्कूबा डायव्हिंगसाठी जाण्याचे नक्की झाले आहे. सुट्टीचा मुख्य हेतू सागरी जीवांची छायाचित्रे काढणे हाच आहे. लेंबेच्या काळ्या ज्वालामुखीय वाळूत फ्रॉगफिश, न्यूडिब्रँक (कवच नसलेल्या समुद्री गोगलगायी) यांसारखे लहान आणि दडून राहणारे जीव, तर बुनाकेनला खोल उतरत गेलेल्या प्रवाळभिंती आणि माशांचे थवे, अशी ही दोन टोके आहेत. दोन्ही ठिकाणे एकमेकांपासून फार दूर नसल्यामुळे ती एकाच सुट्टीत जमतील. पण एकाच साहित्यात जमतील का, हा माझा मूळ प्रश्न आहे.

सध्या ऑलिम्पस टीजी-६ कॅमेरा, त्याचे हाउसिंग (जलरोधक कवच) आणि एक स्ट्रोब एवढेच जवळ आहे. मायक्रोस्कोप मोडमुळे लहान जीवांची छायाचित्रे समाधानकारक येतात. अडचण मोठ्या दृश्यांची आहे. पाणी तांबडा रंग सर्वांत आधी शोषून घेते आणि पहिल्या काही मीटरमध्येच तो जवळपास नाहीसा होतो, हे सर्वांना ठाऊक असते. मात्र हा हिशेब केवळ खोलीचा नसून स्ट्रोबपासून विषयापर्यंत आणि तेथून लेन्सपर्यंत जे पाणी मध्ये येते त्याचाही असतो, आणि माझे घोडे नेमके तेथेच अडते. हाउसिंगच्या सपाट पोर्टमुळे (लेन्ससमोरच्या काचेमुळे) पाण्यात दृश्यकोन आक्रसतो, म्हणून गॉर्गोनियनचा (पंख्यासारख्या प्रवाळाचा) अख्खा पंखा चौकटीत बसवायचा तर दीड-दोन मीटर मागे सरकावे लागते. मग टॉर्चच्या उजेडात लालभडक दिसलेला तोच पंखा छायाचित्रात करड्या-निळ्या रंगाचा उतरतो आणि मधल्या पाण्यातील कण उजळून चौकटभर पीठ भुरभुरल्यासारखे पांढरे ठिपके येतात. लाल फिल्टर आणि हाताने ठरवलेला व्हाइट बॅलन्स यांनी उथळ पाण्यात, भरपूर ऊन असताना बरा फरक पडतो, परंतु स्ट्रोबबरोबर तो फिल्टर वापरता येत नाही.

सामानाच्या वजनमर्यादेमुळे पोर्टवर बाहेरून बसणारी, पाण्यातच काढता-घालता येणारी वाइड अँगल वेट लेन्स किंवा दुसरा स्ट्रोब यांपैकी एकच वस्तू नेता येईल. कोणती न्यावी?

दुसरी शंका तंत्राची नाही, पण मला ती अधिक महत्त्वाची वाटते. चांगली चौकट मिळावी म्हणून काही गाइड धातूच्या काडीने जीवाला टोचतात किंवा उचलून दुसरीकडे ठेवतात, असे पाहण्यात आले आहे. गाइडचा मान राखून त्यांना हे कसे सांगावे? तसेच, पिग्मी समुद्रघोड्याचे छायाचित्र स्ट्रोबने घेणे योग्य आहे का? मी अ‍ॅडव्हान्स्ड ओपन वॉटर प्रमाणपत्रधारक असून शक्यतो १५ मीटरपेक्षा खोल न जाण्याचा विचार आहे.

प्रतिसाद १

माझे मत निःसंशय वाइड अँगल लेन्सच्या बाजूने आहे. तिचा खरा उपयोग दृश्य मोठे करण्यासाठी नसून तुम्हाला जवळ नेण्यासाठी आहे. तोच पंखा अर्ध्या मीटरवरून चौकटीत बसला की मधले पाणी घटते, आणि रंग व ठिपके या तुमच्या दोन्ही तक्रारी एकदमच निम्म्या होतात. दुसरा स्ट्रोब घेतलात आणि अंतर तेवढेच राहिले, तर तेच कण दोन बाजूंनी उजळतील.

एका स्ट्रोबने संपूर्ण चौकट उजळणार नाही, हे मान्य आहे. तो लांब बाहूवर घेऊन पोर्टच्या पातळीच्या थोडा मागे ठेवा आणि किंचित बाहेर वळवा, म्हणजे प्रकाशझोताची फक्त कड विषयावर पडेल आणि लेन्ससमोरचे पाणी अंधारात राहील. वरच्या बाजूने प्रकाश दिल्यास सावल्या खाली पडतात आणि उन्हासारखा स्वाभाविक परिणाम मिळतो. भिंतीवर विषयाच्या जरा खाली जाऊन, कॅमेरा वर रोखून छायाचित्र घ्या आणि एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन थोडे उणे ठेवा. पार्श्वभूमीचा निळा रंग गडद येईल. वेट लेन्सच्या बाबतीत एक गोष्ट सहसा कोणी सांगत नाही : पाण्यात उतरल्यावर ती एकदा सैल करून मधले हवेचे बुडबुडे बाहेर जाऊ द्यावेत आणि मगच पुन्हा घट्ट बसवावी, अन्यथा अर्ध्या चौकटीत चंद्रकोरीसारखा डाग येतो.

गाइडशी बोटीवरच, ब्रीफिंगच्या वेळी बोलावे. 'जीव दिसला की नुसता दाखवा, पाठ फिरवून बसला असेल तर तसेच छायाचित्र चालेल', एवढे सांगितले तरी बहुतेकांना हायसे वाटते, कारण टोचण्याची सवय बऱ्याचदा पाहुण्यांच्या अपेक्षेमुळेच लागलेली असते. फ्लॅशबद्दल सांगायचे तर, समुद्रघोड्यांसह तळाशी राहणाऱ्या माशांवरील २०१९ च्या एका अभ्यासात फ्लॅशमुळे डोळ्यांना इजा आढळली नाही. हाताळण्याचा ताण मात्र स्पष्ट दिसला. तरीही मोजकी छायाचित्रे घेऊन बाजूला व्हावे, हे बरे. पिग्मी समुद्रघोड्याची हिप्पोकॅम्पस बर्गिबांटी ही जात जेमतेम दोन सेंटिमीटरची असते, म्युरिसेला गॉर्गोनियनवरच राहते आणि साधारणपणे १६ मीटरच्या खालीच आढळते. त्यामुळे १५ मीटरच्या मर्यादेचा फेरविचार करावा लागेल. त्या खोलीवर कॅमेऱ्याच्या पडद्याइतकेच डाइव्ह कॉम्प्युटरवरही लक्ष हवे.

प्रतिसाद २

वरील प्रतिसादाशी सहमत आहे, पण क्रम थोडा बदलावा असे सुचवतो. बॉयन्सी (पाण्यात एका पातळीवर स्थिर राहण्याचे नियंत्रण) पक्की नसेल, तर वाइड लेन्स धोक्याचीच ठरते, कारण ती प्रवाळाच्या हातभर अंतरावर जायला भाग पाडते आणि आपले सगळे लक्ष पुढे असताना फिन्स मागे काय मोडत आहेत ते कळत नाही. गोल, भरीव प्रवाळ वर्षाला सुमारे एक सेंटिमीटरच वाढते. पहिल्या डाइव्हला कॅमेरा बोटीवरच ठेवून वजन नीट जुळवून घ्या, आणि लेंबेला फ्रॉग किक (बेडकासारखे पाय बाजूला मारणे) वापरा, नाहीतर उडालेल्या गाळाने तुमचेच नव्हे तर मागून येणाऱ्याचेही छायाचित्र वाया जाईल.

हाउसिंगची ओ-रिंग (पाणी अडवणारे रबरी कडे) रोज रात्री, घाई नसताना तपासावी. एक केस अडकला तरी पाणी आत शिरते. परतीच्या विमानाआधी शेवटच्या डाइव्हनंतर किमान १८ तासांचे अंतर ठेवा.

धागाकर्ता

दोघांचेही मनःपूर्वक आभार. वाइड अँगल लेन्स नेण्याचे ठरवत आहे, आणि खोलीची मर्यादा केवळ त्या एका डाइव्हपुरती, गाइडशी आधी बोलून, वाढवीन. आता एवढेच विचारतो : बुनाकेनच्या भिंतीवर मध्येच एखादा न्यूडिब्रँक दिसला, तर वेट लेन्स पाण्यातच काढून स्ट्रोबच्या बाहूवरील होल्डरमध्ये अडकवावी लागेल. प्रवाह असताना हे एका हाताने जमते का, की बायोनेट माउंटचीच (थोडे फिरवून अडकवायची) लेन्स घेणे इष्ट? आट्यांची लेन्स वापरणाऱ्यांचा अनुभव कळल्यास निवड करणे सोपे जाईल.