मदत हवी आहे: रात्रीतून बॅटरी उतरते, सकाळी गाडी डेड (नाशिक)

फर्स्टशिफ्टवाला:
आज चौथ्यांदा. सकाळी सव्वासहाला सेल्फ मारला तर नुसतं टकटक, डॅशबोर्डचे दिवे मिणमिणले आणि गेले. वॉचमन आणि दूधवाल्याने धक्का मारला म्हणून सातपूरला पोचलो, तरी लेट मार्क लागलाच. बॅटरी नवीन आहे, त्यामुळे "बॅटरी बदला" कोणी सांगू नका. रात्री करंट कोण खातंय ते शोधायचं कसं? लवकर सांगा, उद्या परत फर्स्ट आहे.

निफाडकर:
थंडी रे भाऊ. आमच्याकडे बागेत रात्री शेकोट्या पेटवतोय, तिथे तुझ्या बॅटरीचं काय घेऊन बसलास.

ग्रीसचे_हात:
गाडी कोणती? नवीन बॅटरी म्हणजे कधीची, किती एएचची, म्हणजे किती अँपिअर-तासांची? रोजचं रनिंग किती? बाहेरून काही बसवलंय का?

फर्स्टशिफ्टवाला:
पेट्रोल. २०१७. बॅटरी ऑक्टोबरातली, ३५ एएच. इंदिरानगर ते सातपूर आणि परत, बस. बाहेरचं काही नाही, सगळं नॉर्मल.

चकलीचा_तुकडा:
'पेट्रोल' नावाची गाडी कोणी काढली?

नानाकाका:
आमची जुनी युक्ती सांगतो. इंजिन चालू ठेवून बॅटरीची काळी वायर काढ. गाडी बंद पडली तर अल्टरनेटर, म्हणजे बॅटरी चार्ज करणारा डायनामो, गेला समज.

ग्रीसचे_हात:
नाना, हात जोडतो, हे नका सांगू. आताच्या गाडीत चालू इंजिनावर वायर काढली की व्होल्टेज उसळतं, ईसीएम म्हणजे इंजिनाचा कॉम्प्युटर उडू शकतो. इंजिन चालू असताना टर्मिनलवर मल्टिमीटर लावायचा, १३.८ ते १४.४ दाखवला की चार्जिंग ठीक.

नानाकाका:
३० वर्षं हेच केलं. एक ईसीएम जळला नाही.

चकलीचा_तुकडा:
जळायला तेव्हा गाडीत होता का तो?

गंगापूररोडी:
एवढा अभ्यास कशाला? रोज रात्री काळी वायर काढून ठेवायची, सकाळी लावायची. १० नंबरचा पाना, दोन मिनिटं. मी वर्षभर करतोय.

ग्रीसचे_हात:
म्हणजे नळ गळतो म्हणून रोज मेन कॉक बंद करून झोपायचं. वर्षभर!

विजेवरचा:
इलेक्ट्रिक घ्या, कटकट मिटेल.

ग्रीसचे_हात:
तिच्यातही १२ व्होल्टची वेगळी बॅटरी असते. ती बसली की तीही जागची हलत नाही.

फर्स्टशिफ्ट, आज रात्री हे कर. बॉनेट उघडं ठेव, काच खाली घे. ड्रायव्हरचं दार उघडून त्याचं लॅच स्क्रूड्रायव्हरने दाबून बसव, म्हणजे गाडीला दार लागलंय असं वाटेल. डिकी बंद. किल्ली घरात. काळी वायर काढ. मीटर १० अँपिअरवर, लाल पिन १० एच्या भोकात. एक टोक काढलेल्या वायरला, दुसरं बॅटरीच्या निगेटिव्हला. सुरुवातीला आकडा मोठा दिसेल, घाबरू नको. अर्धा तास थांब, गाडीतले सगळे मोड्यूल, म्हणजे छोटे कॉम्प्युटर, झोपू देत. ०.०५ च्या खाली आला तर गाडी निर्दोष, बॅटरीकडे बघू. वर राहिला तर एकेक फ्यूज काढत जा, ज्याला आकडा पडेल तो चोर. आणि मीटर लावलेला असताना चुकूनही सेल्फ मारू नको, मीटरचा फ्यूज जाईल.

निफाडकर:
थंडीचं मी गमतीत नव्हतो बोललो. गारठ्यात बॅटरीचा जोर कमी होतो आणि ऑइलही घट्ट होतं.

ग्रीसचे_हात:
कबूल. पण नाशिकच्या ९-१० डिग्रीत धड बॅटरी रात्रीत झोपत नाही. थंडी फक्त चुगली करते.

फर्स्टशिफ्टवाला:
केलं. आधी २.९, मग टप्प्याटप्प्याने १.०८. तिथेच अडकला. पाऊण तास बसलो, बायको दोनदा गॅलरीतून बघून गेली. फ्यूज बॉक्समधले सगळे फ्यूज काढून लावले, आकडा ढिम्म हलत नाही.

ग्रीसचे_हात:
सगळे काढूनही १.०८? मग फ्यूज बॉक्सच्या आधी, थेट बॅटरीवरून काहीतरी गेलंय. अल्टरनेटरचा डायोड असू शकतो. पण त्याआधी पॉझिटिव्हवर बघ, कंपनीच्या वायरींशिवाय एखादी जाड वायर आहे का?

फर्स्टशिफ्टवाला:
एक लाल आहे, ती बेसट्यूबचा आवाज वाढवणाऱ्या अ‍ॅम्पची. दिवाळीत टाकली.

चकलीचा_तुकडा:
"बाहेरचं काही नाही, सगळं नॉर्मल."

फर्स्टशिफ्टवाला:
अहो, गाणी बंद केल्यावर ती बंदच असते ना!

ग्रीसचे_हात:
आत्ता डिकी उघड आणि अ‍ॅम्पला हात लाव.

फर्स्टशिफ्टवाला:
कोमट आहे. बाहेर स्वेटर घालून उभा आहे मी आणि तो डबा कोमट. कार्पेट उचललं तर खाली हिरवा लाइटही चालू. लाल वायरीचा फ्यूज काढला, मीटर ०.०३.

ग्रीसचे_हात:
झालं. अ‍ॅम्पची निळी रिमोट वायर कुठे जोडलीय बघ. ती स्टीरिओच्या रिमोट आउटला हवी. पिवळीला, म्हणजे कायम चालू असलेल्या सप्लायला जोडली की अ‍ॅम्प झोपतच नाही. १.०८ अँपिअर गुणिले १२ तास म्हणजे १३ एएच, एका रात्रीत ३५ पैकी तिसरा हिस्सा साफ. इंदिरानगर-सातपूर चालवून तो भरून निघत नाही, रोज थोडी थोडी खड्ड्यात जाते. सुट्टीनंतर हमखास बसत असेल.

फर्स्टशिफ्टवाला:
चारपैकी तीन सोमवारच होते! निळी पिवळीलाच पिळून टेप मारलाय. बसवणारा म्हणाला होता, "साहेब, कंपनी फिटिंगसारखं काम केलंय."

नानाकाका:
म्हणूनच म्हणतो, सोल्डर केल्याशिवाय जोड मारू नये. आमच्या भद्रकालीत एक रेडिओवाला होता, त्याचा जोड म्हणजे...

गंगापूररोडी:
माझ्या पण डिकीत बेसट्यूब आहे.

चकलीचा_तुकडा:
वर्षभर वायर काढतोय हा माणूस.

ग्रीसचे_हात:
फर्स्टशिफ्ट, चारदा पार बसलेली बॅटरी नुसती चालवून भरणार नाही. चार्जरने ३ अँपिअरवर रात्रभर लाव, मग चार्जर काढून काही तासांनी मोज. १२.६ च्या आसपास टिकली तर वाचली. नाहीतर वॉरंटीत लोड टेस्ट करून घे.

फर्स्टशिफ्टवाला:
चार्जर कुठे मिळेल? आणि उद्या सकाळचं काय?

ग्रीसचे_हात:
अ‍ॅम्पचा फ्यूज बाहेरच ठेव आणि वॉचमनला आजच सांगून ठेव. चार्जर माझ्याकडे आहे, सिडकोत. शिफ्ट सुटली की घेऊन जा. गाडी कोणती ते तेव्हा तरी कळेल.