मदत हवी: मातीच्या घराची मागची भिंत फुगली, पाडू का टेकू देऊ?

कवेलूघर:
लवकर सांगा जी कोणी. मागच्या भिंतीनं पोट काढलं, कोपऱ्यात हात जाईल एवढी भेग पडली. आजोबाच्या काळातलं घर आहे, वरतं कवेलू (कौलं). परवापासून पाणी थांबलंच नाही. मिस्तरी म्हणते सगळं पाडा, नवीन बांधा, साडेतीन लाख. कापूस अजून झाडालेच आहे, एवढे आणू कुठून. पाडू का टेकू देऊ, एवढंच सांगा.

वर्धेकर:
भाऊ, भिंत मातीची का दगडाची? जमीन काळी का मुरमाड? काहीच सांगतलं नाही तुम्ही. आन् त्या खोलीत कोणी झोपते का?

कवेलूघर:
यवतमाळ जिल्हा, काळी जमीन. भिंत मातीचीच, दीड हात जाड. आई झोपते तिथं.

वर्धेकर:
आईले आत्ताच्या आत्ता समोरच्या ओसरीत आणा. बाकी मंग बोलू.

घरकुलवाला:
पाडाच. सरकारच्या घरकुल योजनेत १ लाख २० हजार भेटते, शौचालयाचे १२ हजार वेगळे, रोजगार हमीतून ९० दिवसांची मजुरी. मातीचं घर म्हणजे जिवाले घोर. ३० सप्टेंबर १९९३ चा किल्लारीचा भूकंप विसरले का?

वर्धेकर:
किल्लारीले भिंती दगडाच्या होत्या, मातीत रचलेल्या, आन् वरतं मातीचं जड धाबं. त्याच्याखाली माणसं दबली. कवेलूचं छप्पर तेवढं जड नसते. आमच्या इथं सेवाग्रामची बापू कुटी मातीचीच आहे न, तिची निगा होते म्हणून उभी आहे. आन् १ लाख २० हजारात साडेतीन लाखाचं घर कसं होईल, बाकीचे सावकाराचे का? आमच्या गावात दोन घरकुलं भिंतीवरच थांबले, लोकं प्लास्टिक टाकून राहून राहिले.

घरकुलवाला:
पण मी स्वतः राहतो न पक्क्या घरात, रात्री पाणी आलं तरी झोप लागते. हे काय कमी आहे का.

सागवान५:
मयाल, म्हणजे छताच्या तुळया, सागवानाचे आहेत का? उधई (वाळवी) लागली का ते ठोकून पाहा, पोकळ आवाज आला तर बदला. चांगले असतील तर विकू नका, आता तसं लाकूड भेटत नाही.

कवेलूघर:
उधईचं कोणी विचारलं जी. भिंतीचं सांगा.

ओळंबा:
मी बांधकामावर आहे, पंधरा वर्षं झाले. भिंतीपाशी पाणी येते कुठून?

कवेलूघर:
मागून सिमेंटचा रोड झाला न मागच्या वर्षी, फूटभर उंच, आता आमचं घरच खाली गेलं. नाली काढलीच नाही. ओल चढे म्हणून आम्ही खालून तीन फूट सिमेंटचं प्लास्टर करून घेतलं होतं.

ओळंबा:
हे पहिल्यांदाच सांगाचं होतं दादा. रोडचं पाणी बुडाशी मुरते, काळी माती ओली झाली का फुगते, उन्हाळ्यात आखडते, जोतं हलते. आन् सिमेंटच्या प्लास्टरनं भिंतीतली ओल बाहेर निघत नाही, माती आतून लोणी होते. आत्ता प्लास्टर ठोकून काढू नका, भिंत खाली येईल. पहिले मयालाखाली बल्ल्या (लाकडी खांब) लावा, म्हणजे छताचा भार भिंतीवर राहणार नाही. पाण्याले भिंतीपासून दूर वाट करा, पण बुडाशी खोल खोदू नका. पाऊस उघडल्यावर तेवढीच भिंत उतरवा, तीच माती भिजवून पुन्हा चढवा, गिलावा मातीचाच द्या. बाकी तीन भिंतींचा ओळंबा पाहा, सरळ असतील तर घर पाडाची गरज नाही.

नागपूरची_ताई:
मागे सप्पर (छपरी) आहे का, सिमेंटच्या पत्र्याचं? असेल तर पत्रे फोडू नका, त्यात बहुतेक ॲस्बेस्टॉस असते, कोरडं फोडलं का धूळ फुफ्फुसात जाते आन् दुखणं कित्येक वर्षांनी निघते. पाणी मारून, नट काढून अख्खे उतरवा. आन् नवीन घरावर टीन टाकाल तर मे महिन्यात दुपारी आत बसवत नाही. मातीच्या भिंतीनं जो गारवा भेटते तो एकदा गेला का कूलरचं बिल भरा.

घरकुलवाला:
तलाठ्याकडून पंचनामा तरी करून घ्या. कच्च्या घराची निदान १५ टक्के पडझड धरली तर ४ हजार, पूर्ण पडलं तर १ लाख २० हजार, असे केंद्राचे २०२२-२३ ते २०२५-२६ चे निकष आहेत. फोटो आजच काढून ठेवा.

कवेलूघर:
आई ओसरीत आहे. शेजाऱ्यानं चार बल्ल्या दिल्या, लावल्या. सप्पर आहे ताई, सहा पत्रे, हात नाही लावत. पण ग्रामपंचायतीतला घराचा उतारा, नमुना ८, अजून आजोबाच्या नावानं आहे आन् काका सही देत नाही. पंचनामा कोणाच्या नावानं होते मंग?