रोगलाईक : धाव, डाव की खेप?

गेल्या रविवारी भाच्याने घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकलं, "मामा, नवीन रोगलाईक लागलाय, सुटतच नाहीये." पाच मिनिटांत आईचा फोन. "काय लागलंय त्याला? डॉक्टरला दाखवलं का?"

हसण्यावारी नेलं, पण मग तिला तो खेळ मराठीत समजावून सांगायला बसलो आणि घाम फुटला. हे खेळ मी पंधराएक वर्षं खेळतोय. हातात धरून खेळायच्या यंत्रांवर, आधी निन्टेन्डो डीएसवर, मग व्हिटावर, आता स्विचवर, आणि तेही बहुतेक लोकलमध्येच. तरी एक धड वाक्य जमेना. 'रन', 'लूट', 'परमाडेथ', 'डंजन' हे शब्द काढून टाकले तर माझ्याकडे "एक माणूस असतो, तो खाली जातो, मरतो" एवढंच उरलं.

आधी नावाची भानगड. 'रोग' हा १९८० च्या सुमाराचा खेळ. मायकेल टॉय आणि ग्लेन विचमन या कॅलिफोर्नियातल्या दोन विद्यार्थ्यांनी तो युनिक्स या संगणकप्रणालीवर लिहिला, पुढे केन अर्नोल्ड त्यांना येऊन मिळाला. चित्रं नाहीतच. ईमेलच्या पत्त्यात येतं ते ॲटचं चिन्ह म्हणजे आपण, आणि ए पासून झेडपर्यंतची मोठी अक्षरं म्हणजे राक्षस. सव्वीस थर खाली उतरायचं, येंडोरचा ताईत घ्यायचा आणि जिवंत वर यायचं. खोल्या आणि बोळ दर वेळी नवे. मेलात की सगळं गेलं, पुन्हा पहिल्या पायरीपासून; हेच ते 'परमाडेथ'. जतन करून ठेवलेला खेळ उघडला की ती फाइलसुद्धा पुसली जायची, म्हणजे 'मेलो तर परत तिथून सुरू करू' ही पळवाट बंद. पुढे या वळणाचे खेळ इतके झाले की १९९३ साली यूझनेट या जुन्या चर्चाजाळ्यावर त्यांचा वेगळा विभागच निघाला आणि त्याच्या नावात 'रोगलाईक', म्हणजे 'रोग'सारखा, हा शब्द बसला. तेव्हापासून तो तसाच आहे.

आता मूळ इंग्रजी 'रोग' (rogue) या शब्दाचा अर्थ. कोशात बघाल तर ठक, भामटा, लुच्चा. पण या खेळातला गडी काही कुणाला फसवत नाही. तो फक्त एकटा आहे. १९७४ चा 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' हा टेबलाभोवती चारपाच जणांनी मिळून खेळायचा खेळ, आणि इथे पडद्यासमोर तुम्ही एकटे. इंग्रजीत कळप सोडून फिरणाऱ्या हत्तीलाही हेच विशेषण लावतात. मला वाटतं आपल्याकडे याला नेमका शब्द आहे, 'एकांडा'. एकांडा शिलेदार. बारगिराला घोडा सरकारातून मिळायचा, शिलेदाराचा स्वतःचा असायचा. घोडा मेला तर नुकसान त्याचंच. या खेळाचं मर्म याहून नेमकं सांगता येईल असं मला वाटत नाही.

माझा खरा अडसर मात्र 'रन' पाशी आहे. भाचा म्हणतो, "आज सहा रन झाले." ऐकणाऱ्याला वाटतं, गल्लीत क्रिकेट खेळून आला. 'धाव' म्हणावं तर तेच. एका सुरुवातीपासून एका मरणापर्यंतच्या खेळाला काय म्हणायचं? खाली प्रतिसादांत सांगा.

बोरूबहाद्दर : 'एकांडा' वाचून मजा आली, पण खरं सांगू, हे असं कोणी बोलणार नाही. "आई, मी एकांडा खेळतोय," कोण म्हणेल? जपान्यांनीसुद्धा हा शब्द 'रोगुराइकु' म्हणून सरळ उचलला. फक्त त्यांनी एक शहाणपणा केला. दुकानात मांडताना तो वापरला नाही. १९९३ मध्ये चुन्सॉफ्ट या जपानी कंपनीने टीव्हीला जोडायच्या सुपर फॅमिकॉम यंत्रासाठी 'टोर्नेको' नावाच्या पात्राचा खेळ काढला, त्याला नाव दिलं 'फुशिगी नो डंजन'. फुशिगी म्हणजे अजब, गूढ. ज्या पोराने युनिक्स कधी पाहिलं नाही त्याला 'रोगसारखा' सांगून काय कळणार? 'अजब भुयार' म्हटलं की लगेच कळतं. आणि जाहिरातीत काय, तर हजार वेळा खेळता येईल असा खेळ. आपण मात्र पूर्वजाच्या नावाला चिकटून बसलोय.

दोन वर्षांनी आला त्याच मालिकेतला 'शिरेन'. त्याचं बिरुद 'फुराई', म्हणजे वाऱ्याबरोबर आलेला, भटक्या. बघा, इंग्रजीतला लुच्चा जपानात जाऊन भटक्या झाला. तुमच्या एकांड्याच्या जवळच आला की.

घाटमाथा : 'डंजन', म्हणजे खेळातलं ते खोल्या-बोळांचं भुयार, त्यावर थोडं. याला सगळे 'अंधारकोठडी' म्हणतात, पण अंधारकोठडीत माणूस डांबलेला असतो, त्याला हलता येत नाही. या खेळात तर सगळं हलणंच आहे. शिवाय या शब्दाचा मूळ अर्थ ऐकलात तर चक्रावाल. जुन्या फ्रेंचमधला 'दाँजाँ' म्हणजे गढीतला सगळ्यात उंच, सगळ्यात भक्कम बुरूज, धन्याचा वाडा. म्हणजे आपला बालेकिल्ला! 'बाला' हा फारसी शब्द, अर्थ वरचा. त्या बुरुजाच्या पोटात कैदी ठेवायचे, म्हणून हळूहळू शब्द घसरत घसरत तळघरात गेला. शब्दानेच २६ थर उतरून दाखवले म्हणायचं.

मराठीत मला सगळ्यात पटणारा शब्द देवगिरीवरचा आहे, 'अंधारी'. ज्यांनी दौलताबाद बघितलाय त्यांना आठवेल : कातळात खोदलेली, वळणं घेत चढणारी ती काळोखी वाट, उंचसखल पायऱ्या, डोक्यावर वटवाघळांचा वास. शत्रूने आत यावं, चाचपडावं, चुकीच्या वळणाला लागावं म्हणूनच केलेली. तिथे शिरलात की पुढची खोली दिसत नाही, पाय टाकल्यावरच कळते. आता सांगा, यापेक्षा डंजन कुठला?

बोरूबहाद्दर : मान्य. पण अंधारी वर चढते, डंजन खाली उतरतो. :)

घाटमाथा : मग खाली उतरणाऱ्या मजल्यांना तुम्ही काय म्हणता ते सांगा! 'उणे चौदावा मजला'? मी 'तळ' म्हणतो. पहिला तळ, दुसरा तळ. पुराणात सातच आहेत, अतल वितल करत पाताळापर्यंत. यांनी सव्वीस केले, चालायचंच.

सोंगटी : तुम्ही मोठे मोठे शब्द शोधताय आणि आजीच्या सारीपाटाला विसरताय. या खेळात सारखं कानावर येतं ते 'आरएनजी', म्हणजे यंत्राने मनाने काढलेला आकडा. शासकीय परिभाषेत काहीतरी 'यादृच्छिक' वगैरे असेल. आमच्याकडे त्याला 'दान' म्हणतात. दान पडलं, दान पडलं नाही. पहिल्याच तळावर चांगली तलवार सापडली की मी आपोआप म्हणते, "काय दान पडलंय!"

दुसरं. या खेळात काढ्यांचे रंग आणि गुंडाळ्यांवरची नावं दर वेळी बदलतात. मागच्या वेळी निळी बाटली औषध होती, या वेळी निळीच बाटली डोळ्यांपुढे अंधारी आणते. पिऊन बघितल्याशिवाय कळत नाही. नवखे ओळख पटावी म्हणून सगळं पटापट पिऊन टाकतात. मुरलेला खेळाडू एखादी बाटली तशीच ठेवतो, की अगदीच जिवावर बेतलं तर उघडू. झाकली मूठ सव्वा लाखाची. मी माझ्या पिशवीतल्या अनोळखी वस्तूंना 'मुठी' च म्हणते. आज तीन मुठी आहेत माझ्याकडे.

आणि वाटेत खायला लागतं त्याला 'रेशन' कशाला, शिदोरी म्हणा. शिरेन तर ओनिगिरी खातो, म्हणजे भाताचा मुटका. पोटाचा आकडा पावलांबरोबर उतरत असतो, म्हणून रेंगाळता येत नाही. शिदोरी संपत आली की खाली पळायचं.

नव्वदीचा : आमची सुरुवात ब्रिक गेमवर. तो करडा डबा, वर लिहिलेलं '९९९९ इन १', आत खरे खेळ बाराच. त्यामुळे हातातल्या यंत्रावर मेलो की पहिल्यापासून, हे आम्हाला नवं नव्हतंच.

'सेव्ह स्कमिंग'ला मराठी शब्द कोणी विचारला नाही, तरी देतो. मरायच्या आधी फाइलची प्रत काढून ठेवायची आणि मेलं की ती परत टाकायची, याला रडीचा डाव म्हणतात. याला पर्यायच नाही.

आणि 'हेडीज' या खेळात एक 'गॉड मोड' आहे बघा. तो चालू केला की मार वीस टक्के कमी लागतो आणि प्रत्येक मरणागणिक आणखी दोन टक्के कमी होत ऐंशीपर्यंत जातो. इंग्रजीत याला देव म्हणतात. आमच्या वाड्यात याला लिंबूटिंबू म्हणायचे. खेळात घेतलंय, पळतोय, पण त्याच्यावर राज्य येत नाही. (मी स्वतः लिंबूटिंबू होऊनच तो खेळ संपवला, लाज कसली.)

माळावरची : मूळ प्रश्न 'रन'चा होता ना? मी 'खेप' म्हणते. आमच्या गावाला उन्हाळ्यात आई विहिरीवरून पाण्याच्या खेपा आणायची. रिकाम्या घागरीने जायचं, भरून यायचं, घरात ओतायचं, परत जायचं. घागर वाटेत फुटली तर ती खेप वाया. पण आधीच्या खेपांचं पाणी घरात असतंच. मी स्टीम डेक या हातातल्या यंत्रावर 'डेड सेल्स' खेळते तेव्हा तोंडात हाच शब्द येतो. जमवलेल्या पेशी, म्हणजे त्या खेळातली कमाई, दोन टप्प्यांच्या मधल्या जागेत पोचवल्या की आपल्या झाल्या. मध्येच मेलो तर घागर फुटली.

धागाकर्ता : माळावरची, तुम्ही माझं कोडं सोडवलंत आणि वर एक नवं भांडणही मिटवलंत.

इंग्रजीत सध्या 'रोगलाईक' आणि 'रोगलाईट' (म्हणजे त्याचाच सौम्य प्रकार) यांवरून लोक एकमेकांच्या उरावर बसतात. दोन शब्दांत फरक एका 'क' आणि 'ट' चा, ऐकताना कळतसुद्धा नाही. २००८ साली बर्लिनमध्ये हे खेळ बनवणारे जमले आणि रोगलाईक कशाला म्हणायचं याची लक्षणं लिहून काढली. दर वेळी नवी रचना, कायमचं मरण, पाळीपाळीने चाल, चौकोनी घरं, असं बरंच. म्हणजे वैद्याने रोगाची लक्षणं लिहावीत तसंच, आई बरोबरच होती. त्याच साली 'स्पेलंकी' आला, त्यात उड्या मारायच्या, पाळी वगैरे काही नाही, आणि तरी खेळताना पोटात गोळा तोच. तेव्हापासून वाद चालूच आहे.

मला वाटतं मराठीत वाद राहत नाही. मेल्यावर सगळं मोडतं तो डाव. काही घरी येतं ती खेप.

'बालात्रो' हा तर पत्त्यांचाच, त्याला डाव सोडून काय म्हणणार. 'स्ले द स्पायर' डाव. मूळ 'रोग' तर डावच. 'हेडीज' खेप, कारण मेलात तरी मिळवलेलं घरच्या आरशात ओतता येतं आणि तुम्ही मुळातून बळकट होता. 'पोकेमॉन मिस्टरी डंजन' दिसायला अगदी जुन्या वळणाचा, पाळीपाळीने चालणारा. पण हरलात तर पैसे आणि काही वस्तू जातात, पोकेमॉनची वाढलेली पातळी तशीच राहते. म्हणजे खेपच. चौकोनी घरं आहेत की नाहीत याने फरक पडत नाही, घागर कुठे रिकामी होते याने पडतो.

बोरूबहाद्दर : मग शिरेनचं काय? मेला की पुन्हा पहिली पातळी, पिशवी रिकामी. हा झाला डाव. पण वाटेतल्या गावांत कोठार आहे, तिथे ठेवलेली ढाल पुढच्या वेळी काढता येते. ही झाली खेप.

धागाकर्ता : पकडलंत. शिरेनमध्ये डाव खेळता खेळता खेप टाकायची असते. खरं तर त्याची सगळी गंमत त्या एका क्षणात आहे. कोठारापाशी उभे आहात, हातात सुरेख तलवार आहे. ठेवली तर हा डाव कच्चा होणार, नेली तर कदाचित कायमची जाणार. मी दर वेळी नेतो आणि दर वेळी हळहळतो.

लोकलसाठी हे खेळ का बरे, तेही यावरूनच. तुम्ही पाऊल टाकल्याशिवाय राक्षस पाऊल टाकत नाही. ठाण्याला गर्दी आत घुसली, कोपर लागलं, कोणी "जरा सरका" म्हणालं, तरी तो ड्रॅगन तोंड उघडून तसाच थांबलेला असतो. 'टर्न बेस्ड' ला कुणी 'चालीचाली'चा म्हटलं तर मला चालेल. बुद्धिबळामुळे 'चाल' घराघरात आहे.

सोंगटी : ते सगळं ठीक, आईंना शेवटी काय सांगितलंत?

धागाकर्ता : सांगितलं की अंधारीत उतरायचं, पडेल त्या दानावर निभवायचं, शिदोरी संपायच्या आत तळ गाठायचा, आणि मेलं की डाव मोडला, पुन्हा पहिल्या घरापासून. ती म्हणाली, "म्हणजे सापशिडीच की. मग शिड्या कुठायत?"

म्हटलं, आहेत. पण त्या खाली जातात.