रानगुलाब, जंगली गुलाब, गावठी गुलाब: एकच का?

प्रश्न (वाई): कलमी गुलाबाला बुडातून जोमदार फुटवा आलाय. माळीदादा म्हणाले, "सात पानं आहेत, जंगली आहे, काढा." जंगली म्हणजेच रानगुलाब का? मग गावठी कोणता?

सातारा: ताई, तिन्ही वेगळे. गावठी म्हणजे परसात फांदी खोचून लावलेला, वासाचा, तो बागेतलाच. नर्सरीतला 'जंगली' म्हणजे खुंट, ज्यावर चांगल्या गुलाबाचा डोळा (फुटव्याची कळी) भरतात तो. डोळ्याच्या खालून फुटलं ते खुंटाचं. रानगुलाब मी फक्त आपसूक उगवणाऱ्या जातींना म्हणतो: जपान-कोरिया-चीनकडचा रोझा मल्टिफ्लोरा, युरोपातला रोझा कॅनिना वगैरे. मल्टिफ्लोरा खुंट म्हणूनही वापरतात, घोळ तिथूनच होतो.

आता 'सात पानं'. ती सात पानं नव्हेत, एका पानाच्या सात पर्णिका. कलमी गुलाबाला बहुधा ५, कधी ७. कॅनिनाला ५ ते ७. मल्टिफ्लोराला बहुतेक ७ ते ९. म्हणजे सात आकडा तिघांतही सापडतो. एवढ्यावरून निकाल देऊ नका. पानाच्या देठाच्या बुडाशी दोन्ही बाजूंना चिकटलेली उपपर्णं पाहा. मल्टिफ्लोराची फणीच्या दातांसारखी चिरलेली असतात. फूल असेल तर पट्टी लावा: मल्टिफ्लोराचं साधारण २ ते ३ सेंमी, झुपक्यात; कॅनिनाचं ४ ते ६. शिवाय मल्टिफ्लोराचे कुक्षीवृंत (फुलाच्या मधले स्त्रीकेसरांचे देठ) जुळून मधोमध एकच खांब उभा राहतो.

मिरज: काट्यांची लांबी मोजली तर?

सातारा: मोजा, पण कुठला काटा ते लिहा. एकाच झुडपावर बुंध्याचे दांडगे, फुलफांदीवरचे बारके. पानांचंही तेच: फुलफांदीच्या मधलं पान, त्याची टोकाची पर्णिका, लांबी भागिले रुंदी; अशी बरीच पानं घ्यायची. आणि गुलाबाचा काटा सालीवरचा असतो, अंगठ्याने आडवा दाबला की निखळतो. लिंबाचा असा निघत नाही.

कॅनिनाच्या निदलांवर (कळी झाकणाऱ्या पाच हिरव्या पाकळ्यांवर) एक जुनं लॅटिन कोडं आहे: पाच भाऊ, दोघांना दाढी, दोघांना नाही, पाचव्याला एकाच गालावर. कळी उलटी करून बघा. दोन निदलांच्या दोन्ही कडांना झालर, दोन साफ, एकाला एकीकडेच. कळीत ज्या कडा दुसऱ्या निदलाखाली झाकलेल्या, त्यांना झालर फुटत नाही. बागेतल्या बऱ्याच गुलाबांतही हे दिसतं, म्हणून ओळखीला फारसं कामाचं नाही, पण बघाच.

मिरज: कॅनिना तरी नीट ओळखू येतो का?

सातारा: युरोपातले अभ्यासकही वैतागतात, काका. त्याच्या पेशीत ३५ गुणसूत्रं. परागात ७ जातात, बीजांडात २८. म्हणजे पोर बहुतांशी आईवर जातं. त्यात जवळच्या जातींशी संकर. म्हणून ते फळाच्या तोंडाचं भोकसुद्धा मिलिमीटरमध्ये मोजतात.

वाई: उपपर्णांना झालर आहे. पर्णिका कुठे सात, कुठे नऊ.

सातारा: मग खुंटच, बहुधा मल्टिफ्लोरा. नुसता छाटू नका, पुन्हा फुटेल. माती सारून बुडापासून ओढून काढा.