पटरच्या फेसवरच्या खाचांनी पटिंग खरंच सुधारतं का?

पांडवकडा_पहाट (धागाकर्ता):
खारघरच्या सिडको गोल्फ कोर्सवर आमच्या रविवारच्या चौकडीत एकच वाद चालू आहे, तो इथे मांडतो. नवख्यांसाठी: ग्रीनवर, म्हणजे होलभोवतीच्या बारीक कापलेल्या गवतावर, चेंडू घरंगळवत होलमध्ये घालणं म्हणजे पटिंग, त्याची काठी पटर आणि असा एक फटका म्हणजे पट. माझं म्हणणं, पटरच्या फेसवर, म्हणजे चेंडूला लागणाऱ्या बाजूवर, कोरलेल्या खाचांनी पटिंग सुधारतं. बाकीचे तिघं म्हणतात, पैसे पाण्यात.

चार वर्षं माझ्याकडे सपाट फेसचा पटर होता. चेंडू जरा टोच्या, म्हणजे फेसच्या बाहेरच्या टोकाच्या, बाजूला लागला की होलच्या हातभर अलीकडेच मान टाकायचा. दिवाळीनंतर खाचांचा घेतला. त्याच्या खाचा मध्यभागी खोल आणि कडांकडे उथळ होत जातात. मध्यावरच्या फटक्याचा जोर त्या थोडा खातात, कडेच्या फटक्याचा कमी खातात, म्हणून दोन्ही चेंडू जवळपास सारखेच लांब जातात. पिंग कंपनीचा ‘ट्रू रोल’ फेस याच तत्त्वावर आहे. माझे लांबचे पट आता होलपाशी थांबतात, तीन-तीन पट लागणं खूप कमी झालंय. हा मनाचा खेळ आहे असं ज्यांना वाटतं त्यांनी कारण द्यावं.

रबाळे_व्हीएमसी:
कारण देतो. माझं पोटच मिलिंगवर, म्हणजे यंत्राच्या कटरने धातू कोरण्यावर, चालतं, त्यामुळे फेसवरची कटरची नक्षी पाहून मीही हरखतो. पण पट पडायचा तर आधी दिशा हवी, आणि दिशा मुख्यतः ठरते चेंडू लागताना फेस कुठे बघतोय त्यावर. हिशोब करा. ३ मीटरचा पट, फेस १ अंश उघडा, म्हणजे होलच्या रेषेपासून बाजूला वळलेला. चेंडू होलच्या मध्यापासून साधारण ५२ मिमी बाजूला जाणार. होलचा व्यास १०८ मिमी, म्हणजे मध्यापासून काठ ५४ वर. अगदी हळू पोचला तरच काठावरून आत पडेल. फेस दीड अंश उघडा असेल तर पट हुकलाच. चेंडू फेसला टेकतो सेकंदाच्या साधारण दोन हजाराव्या भागापुरता. तेवढ्यात खाचा तुमची चूक सुधारत नाहीत.

दुसरं, कडेचा फटका सांभाळून घेणारे पटर खाचांच्या आधीपासून आहेत. पिंगचे संस्थापक कार्स्टन सोल्हाइम जनरल इलेक्ट्रिकमध्ये इंजिनीअर होते. त्यांनी पटरच्या डोक्याचं वजन हील (दांड्याकडचं टोक) आणि टो या दोन्ही टोकांकडे सरकवलं, त्यामुळे कडेला लागलं तरी पटरचं डोकं कमी वळतं. त्यांचा १९६६चा ‘अॅन्सर’ पटर आजही आदर्श नमुना मानतात. आता सांगा, तुमचा जुना पटर ब्लेड (अरुंद, पातळ डोक्याचा) होता आणि नवा मॅलेट (मोठ्या, रुंद डोक्याचा) आहे का? तसं असेल तर सगळं श्रेय खाचांना कसं देता?

पांडवकडा_पहाट:
हो, जुना ब्लेड, नवा मॅलेट. हे माझ्या ध्यानात आलं नव्हतं, मान्य करतो. पण दिशेचा दावा मी केलाच नव्हता. बारा मीटरवरून आपण चुकतो ते बहुतेक अंतरात. तिथे पहिला पट होलच्या जवळ ठेवणं हीसुद्धा अचूकताच ना?

घोडबंदरची_पुष्पा:
रबाळे, गणित बरोबर आहे, पण पट हातानं मारतो तितकाच कानानंही मारतो. मी मऊ इन्सर्टचा, म्हणजे फेसमध्ये मऊ तुकडा बसवलेला, पटर वापरते. एकदा प्रॅक्टिस ग्रीनवर कानात बोळे घालून पट मारले, तर चेंडू किती जोरात लागतोय हेच कळेना. सोल्हाइमांच्या १९५९च्या पहिल्या पटरच्या आवाजावरूनच पिंग हे नाव आलं. फेस मऊ की कडक, कोरलेला की सपाट, यानं आवाज बदलतो, आणि आवाजावरून मी अंतर शिकते. त्यामुळे फेस महत्त्वाचा, पण प्रत्येकाच्या कानाला वेगळा. नवा घेतला की निदान दोन महिने तरी पहिल्या अंदाजांची सवय सोडावी लागते.

बेलापूर_जुना_खेळाडू:
खाचांमुळे चेंडू लगेच घरंगळतो, ही जाहिरात मला पटत नाही. बिनफिरकीचा निघालेला चेंडू आधी घसरतो, आणि वेग सुरुवातीच्या सुमारे पाच सप्तमांशावर आला की मगच नीट गडगडू लागतो. हे गवतावर घडतं, फेसवर नाही. फेसचं मला महत्त्वाचं वाटतं ते लॉफ्ट, म्हणजे फेसचा मागे झुकलेला कोन. पावसाळ्यात आपली ग्रीन ओली आणि जड, चेंडू गवतात थोडा रुतलेला. तिथं तीन-चार अंशांचा लॉफ्ट त्याला उचलून बाहेर काढतो. हात पुढे दाबून मारणारे तोच लॉफ्ट घालवतात आणि मग पटर बदलायला निघतात. आधी हात बघा.

रबाळे_व्हीएमसी:
लॉफ्टचं शंभर टक्के. पुष्पाताई, कानाचाही मुद्दा घेतो, माझं लक्ष मोजमापाकडेच होतं. पहाट, वाद मिटवायचा एक सोपा मार्ग आहे. माझ्याकडे जवळपास तुमच्यासारखाच मॅलेट आहे, फक्त फेस सपाट. रविवारी साडेसहाला प्रॅक्टिस ग्रीनवर या. दोन्ही फेसवर टाल्कम पावडर लावू, म्हणजे चेंडू नेमका कुठे लागला ते दिसेल. मुद्दाम टोवर मारू आणि चेंडू कुठे थांबतो ते टेपने मोजू. टेप मी आणतो.

पांडवकडा_पहाट:
येतो. पावडर माझी.