मदत हवी आहे: सासऱ्यांचं जुनं रुगर रिव्हॉल्वर, कंपनीचे नवे भाग बसवून घ्यावेत का?

सिनसिनाटीकर

नमस्कार मंडळी. इथल्या नेहमीच्या विषयांत हा बसत नाही, पण अमेरिकेत नेमबाजीच्या रेंजवर जाणारे तिघं-चौघं इथे आहेत हे जुन्या धाग्यांवरून ठाऊक आहे, म्हणून विचारतोय. घरात शस्त्र असावं की नसावं हा वाद कृपया इथे नको.

सासरे १९६८ मध्ये डॉक्टर म्हणून केंटकीतल्या एका छोट्या गावात आले. पेशंट सगळे तंबाखूचे शेतकरी. त्यांच्यातल्याच एकाने त्यांना नेमबाजीची गोडी लावली आणि पुढच्या वर्षी बाबांनी रुगरचं सिंगल-सिक्स घेतलं, अगदी नवं कोरं. पॉइंट टूटू म्हणजे .२२ इंच बोअरचं. दोन सिलिंडर आहेत, एक साध्या लाँग रायफल गोळ्यांचं, दुसरं जास्त जोराच्या मॅग्नम गोळ्यांचं. आता ते मोठं घर विकून छोट्या अपार्टमेंटमध्ये जाताहेत, तेव्हा "जावईबापू, हे तुम्ही घेऊन जा" म्हणाले.

इथल्या दुकानात कागदपत्रं करताना काउंटरवरच्या म्हाताऱ्याने फ्रेमच्या बाजूचे तीन स्क्रू बघितले, ते रिकामं आहे याची खात्री केली, घोडा (मागचा, गोळीला ठोका देणारा हातोडा) हळूहळू मागे ओढून खटके मोजले आणि म्हणाला, चार वाजले, म्हणजे कंपनीने सांगितलेला बदल यात झालेला नाही. घोड्याखाली भरलेली गोळी असताना हे हातातून पडलं तर उडू शकतं. कंपनी १९८२ पासून अशा जुन्या सिंगल अॅक्शन (दर वेळी घोडा हाताने ओढावा लागणाऱ्या) रिव्हॉल्वरांना सुरक्षित भाग फुकट बसवून देते. आत्तापर्यंत बाबांनी पाठवलं नव्हतं, एवढंच.

पाठवलं नव्हतं म्हणजे मुद्दामच पाठवलं नव्हतं. त्यांचं म्हणणं, सहा घरांत पाचच गोळ्या भरायच्या, घोड्याखाली रिकामं घर ठेवायचं, पन्नास वर्षं काही झालं नाही. शिवाय बदल केला की चापाची मजा जाते आणि किंमत पडते. बायकोचं म्हणणं, बदल झाल्याशिवाय ते घरात नको. मुलगा चौदाचा आहे, त्याला आजोबांच्या रिव्हॉल्वरवर शिकायचंय. मी मध्ये.

कोणी हा बदल करून घेतलाय का? चाप खरंच इतका बिघडतो का?

रानभूल

आधी कंटाळवाणा प्रश्न. तुम्ही नागरिक किंवा ग्रीन कार्डवर आहात ना? H-१बी सारख्या व्हिसावर असाल तर शिकारीचा वैध परवाना वगैरे अपवाद सोडून शस्त्र जवळ बाळगणंच संघीय कायद्यात बसत नाही. आपल्यातल्या बऱ्याच जणांना हे माहीत नसतं आणि मित्राचं "ठेवायला" घेतात. दुसरं, केंटकीतून ओहायोत म्हणजे राज्य बदललं. सासरे हयात असताना हातात-हात देणं चालत नाही, तुमच्या राज्यातल्या परवानाधारक दुकानातूनच व्हावं लागतं.

सिनसिनाटीकर

नागरिक आहे. बाबांनी स्वतः गाडीतून आणलं आणि इथल्या दुकानातूनच माझ्या नावावर झालं. म्हणूनच तर तो काउंटरवरचा आजोबा भेटला.

खटका

माझ्याकडे दोन आहेत, एक बदललेलं, एक न बदललेलं, म्हणून सविस्तर लिहितो.

मूळ गोष्ट १८७३ च्या कोल्ट सिंगल अॅक्शन आर्मीपासूनची. घोडा खाली असला की फायरिंग पिन, म्हणजे गोळीच्या बुडावर आपटणारी सुई, थेट त्या बुडावर टेकलेली असते. मध्ये काहीच नाही. रुगरने १९५३ मध्ये सिंगल-सिक्स काढलं तेव्हा आतली रचना बरीचशी तीच ठेवली (पिन घोड्याऐवजी फ्रेममध्ये, एवढा फरक). नंतर आलेल्या रुगरच्याच ब्लॅकहॉक आणि सुपर ब्लॅकहॉकचंही तेच. १९७३ मध्ये "न्यू मॉडेल" आलं, त्यात ट्रान्सफर बार आहे. घोडा पिनला टेकतच नाही. चाप पूर्ण ओढला तरच एक पोलादी पट्टी वर सरकते आणि घोड्याचा ठोका पिनपर्यंत पोचवते. चापाला बोट नसेल तर पट्टी खाली, मग वरून हातोडा मारलात तरी ठोका पिनपर्यंत जात नाही. बाहेरून ओळख सोपी आहे, जुन्यात फ्रेमला तीन स्क्रू, नव्यात दोन पिना. फक्त बदललेल्या जुन्यालाही बाहेरून तीन स्क्रूच दिसतात, म्हणून तुमच्या दुकानदाराने खटके मोजले. मुरलेला माणूस दिसतो.

बाबांना एक जरूर विचारा. घोडा थोडासा मागे घेतला की पहिला खटका लागतो, त्याला ते "सेफ्टी" समजतात का? जुनी मंडळी समजतात. ती खाच म्हणजे चापाच्या बारीक टोकावर तोललेला घोडा. रिव्हॉल्वर घोड्यावर आपटलं तर ते टोक मोडतं आणि मग घोडा कशालाच अडलेला नसतो. त्यावर विसंबू नका.

चापाबद्दल, बाबा खोटं बोलत नाहीत. माझ्या बदललेल्यात ओढ थोडी लांब आणि जड वाटते, ती काचेसारखी तुटण्याची भावना गेली. पण वीस यार्डांवर टूटूने डबे पाडायला काही फरक पडत नाही. ती हळहळ स्पर्धेत उतरणाऱ्यांची.

जुनाबाजार

किमतीच्या भीतीला काट मारतो. कंपनी बदल करते तेव्हा काढलेले सगळे मूळ भाग पिशवीत घालून परत पाठवते आणि फ्रेमला कापाकापी करत नाही. उद्या विकायचं झालं तर जाणकार कारागीर जुने भाग परत बसवून देतो. संग्राहक किंमत पाडतो ती ते भाग हरवलेले असतील तर. ती पिशवी आणि कंपनीचा कागद एकत्र ठेवा.

मूळ अवस्थेतलंच ठेवा असं मी ज्याला सांगतो तो वेगळा माल. १९५३ ते १९५७ च्या सुरुवातीच्या सिंगल-सिक्सचं गोळ्या भरायचं झाकण सपाट असतं, ते कपाटात ठेवायचं, वापरायचंच नाही. तुमचं नंतरचं आहे, झाकण गोलसर असेल. कंपनीच्या साइटवर सिरियल नंबर टाकलात तर साल कळतं.

सिनसिनाटीकर

झाकण गोलसर आहे, साल १९६९ निघालं. बाबांची स्मरणशक्ती आमच्यापेक्षा बरी.

खटका, पी-८५ च्या रिकॉलबद्दल (कंपनीने दुरुस्तीसाठी परत मागवलं होतं ते) ऐकलंय. हेही तसंच का?

खटका

नाही, आणि तो फरक महत्त्वाचा. पी-८५ हे रुगरचं नाइन एमएम पिस्तूल, १९८७ चं. त्याची फायरिंग पिन पुढच्या बाजूने तुटलेली असेल तर घोडा सुरक्षित उतरवायचा लीव्हर दाबताना गोळी सुटू शकत होती. म्हणजे जे करून सुरक्षितता यायची, त्यातच धोका. बदललेल्या पिस्तुलाच्या सेफ्टीवर "आर" अक्षर असतं. २००९ चा वॉल्थर पीपीके आणि पीपीके/एस चा रिकॉलही त्याच जातीचा, ती पिस्तुलं तेव्हा स्मिथ अँड वेसन बनवत होती. घोडा उतरवताना गोळी उडण्याची शक्यता होती. अशा वेळी विचार कसला करायचा? वापर बंद, थेट कंपनीकडे.

तुमचं यंत्र बिघडलेलं नाही. जसं घडवलं तसंच आहे, फक्त ती घडण जुन्या काळातली. त्यामुळे पाच गोळ्यांची शिस्त हा खरा उपाय आहे, नुसता बहाणा नाही. पद्धत माहीत असेलच, एक भरा, एक सोडा, चार भरा, घोडा पूर्ण ओढून अलगद खाली, म्हणजे रिकामं घर घोड्याखाली येतं.

अर्धविराम

वर सगळं पुरुषी तांत्रिक चाललंय, म्हणून मी बोलते. मी काही वर्षं रेंजवर नवशिक्यांना शिकवलंय.

शिस्त बाबांची आहे, रिव्हॉल्वरची नाही. ती रिव्हॉल्वरबरोबर नावावर होत नाही. तुमचा मुलगा उद्या मित्राच्या न्यू मॉडेलमध्ये सहा भरेल, ते बरोबरच असेल, आणि परवा आजोबांच्यात सहा भरेल. दिसायला दोन्ही सारखीच. रेंजवर पाहुणा आला, तुम्ही कौतुकाने हातात दिलंत, त्याला कोण सांगणार? एकटा माणूस पन्नास वर्षं एकच हत्यार वापरतो तेव्हा बाबांचं बरोबर आहे. घरात तीन हात झाले की नाही.

तुम्ही ते मुलाला शिकवायला वापरणार असाल तर पाठवा. कपाटात बंद ठेवणार असाल तर पाठवू नका, पण मग खरंच बंद ठेवा.

रानभूल

अर्धविराम यांना +१. पाठवताना आधी कंपनीला फोन करून ते सांगतील तशाच पद्धतीने पाठवा, टपाल किंवा कुरियरच्या काउंटरवर स्वतः डबा नेऊ नका. परत येताना संघीय नियमाप्रमाणे थेट तुमच्या घरी येऊ शकतं, पुन्हा दुकानाची पायरी लागत नाही. लाकडी मूठ मूळची नसेल तर काढून ठेवा, चामड्याचं होल्स्टर पाठवू नका.

सिनसिनाटीकर

सर्वांचे आभार. अर्धविराम यांचा प्रतिसाद बाबांना फोनवर वाचून दाखवला. थोडा वेळ गप्प, मग म्हणाले, "बाई बरोबर बोलतेय. पण काढलेले भाग माझ्याकडे येतील." मान्य केलं. बायकोची अट होती की परत येईपर्यंत मुलाने हात लावायचा नाही, तीही मान्य. पहिल्या खटक्याचं खटका यांनी म्हटलं तेच निघालं, बाबा त्याला सेफ्टीच म्हणत होते.

शेवटचा प्रश्न: मॅग्नमचं सिलिंडरही सोबत पाठवायचं का?

खटका

फोनवर विचारा, पण मी पाठवलं होतं. दोन्ही सिलिंडर त्याच फ्रेमला जुळवलेली असतात, त्यामुळे नवे भाग बसल्यावर दोन्ही फिरवून बघितलेली बरी. डब्यात काय काय घातलं त्याची यादी चिठ्ठीवर लिहा आणि पाठवण्याआधी सगळ्याचे फोटो काढून ठेवा.