राइड झांज बदलायची आहे, सेकंडहँड घ्यावी का?

नमस्कार मंडळी,

माझं इलेक्ट्रॉनिक ड्रमकिट आहे, मॉड्यूल (आवाज तयार करणारा डबा) रोलंड टीडी-१७. राहायला ठाण्यात, चौथ्या मजल्यावर, म्हणून सराव रात्री हेडफोन लावूनच. बाकी सगळं छान वाजतं, त्रास एकट्या राइडचा, म्हणजे ठेका धरायच्या मोठ्या झांजेचा. ती नंतर स्वस्तात घेतलेली, वेगळ्या कंपनीची.

बोवर (झांजेच्या मुख्य पृष्ठभागावर) आवाज अगदी व्यवस्थित. एजवर (कडेवर) काठी मारली की मात्र पाचातले दोन-तीन ठोके बोचेच ऐकू येतात. चोक करायला, म्हणजे वाजती झांज पकडून आवाज थांबवायला, कडा चिमटीत घट्ट दाबून धरावी लागते, आणि या पावसाळ्यात तर दाबूनही आवाज थांबत नाही.

केबल बदलून पाहिली (स्टिरिओच आहे, मोनो नाही). मग राइड उचलून क्रॅशच्या (जोरात ठोकायच्या दुसऱ्या झांजेच्या) केबलला लावली, तर दोष तिच्याबरोबर तिकडे गेला. म्हणजे मॉड्यूल ठीक आहे. मॉड्यूलमधली सेन्सिटिव्हिटी, थ्रेशोल्ड (किती हलका ठोका पकडायचा त्याची सेटिंग्ज) फिरवून काही फरक नाही, आणि तो का पडणार? ठोक्याचा जोर मोजतो तो पिझो (कंपन ओळखणारा सेन्सर), एज ओळखायला कडेच्या रबराखाली पातळ पट्टीचा स्विच असतो. ठोक्याच्या क्षणी स्विच मिटला नाही तर मॉड्यूलच्या लेखी तो ठोका बोवरचाच. चोकही त्याच पट्टीवर चालतो. तीच गेली असणार.

मला बेल (झांजेच्या मधला उंचवटा) हवीच आहे, ऑर्केस्ट्रात जलद ठेक्याला तिच्याशिवाय धार येत नाही. त्यामुळे फक्त बो आणि एज अशा दोन झोनची (वेगळा आवाज देणाऱ्या भागांची) झांज नको. दुकानदार यामाहाची पीसीवाय१३५ सुचवतोय. तिचे तिन्ही झोन एकाच स्टिरिओ केबलवर येतात, पण रोलंडच्या सीवाय-१३आरला दोन केबल लागतात, एक बो-एजची, दुसरी बो-बेलची. पद्धतच वेगळी, म्हणून यामाहाचा विचार सोडला.

पुण्यात एकजण सीवाय-१३आर विकतोय, चार वर्षं वापरलेली. रविवारी बघायला जाणार आहे, मॉड्यूल आणि हेडफोन घेऊनच. कडेवर सगळीकडे, अगदी हलक्या हातानेही वाजवून बघेन, चोक तपासेन, जॅक हलवून बघेन. आणखी काय बघावं? ही झांज कोणी मुंबई-कोकणच्या दमट हवेत बरीच वर्षं वापरली आहे का? एजचा स्विच टिकला का? आणि माझ्या जुन्या झांजेची पट्टी कोणी घरी बदलली असेल तर तेही सांगा, तिला मी दुसरी क्रॅश म्हणून ठेवेन.